उललेला दगड की घडवलेला? जालन्याकडच्या एका विहिरीचं प्रकरण

जालना जिल्ह्याच्या पूर्व भागातल्या एका गावात ऐन उन्हाळ्यात विहिरीचं काम बंद पडलं. पैसा संपला नव्हता, यारीही बिघडली नव्हती. काळी माती, मुरूम, मांजऱ्या असे या भागातले ओळखीचे थर ओलांडून खोदाई काळ्या पाषाणात शिरली होती. सुरुंग उडवले, ढिगारा वर काढला आणि विहिरीच्या एका अंगाला दगडाचे उभे खांब उघडे पडले. एकाला एक खेटलेले, सरळ कडांचे, पैलू पाडल्यासारखे. प्रत्येकाच्या अंगावर खालपासून वरपर्यंत आडव्या बारीक रेघा.

गावात तीन तट पडले. म्हाताऱ्या माणसांच्या मते खाली हेमाडपंती देऊळ गाडलेलं होतं. काहींनी जागेला हात लावू नये म्हणून नारळ फोडला. पोरांनी व्हिडिओ काढला, आणि तो फिरता फिरता कुणीतरी त्याला मंगळावरचे दोन-चार फोटो आणि वेरूळचं कैलास लेणं जोडलं. नव्या व्हिडिओत ठासून सांगितलं होतं की मंगळावरचे खांब, ही विहीर आणि कैलास या सगळ्यांमागे परग्रहावरून आलेल्यांचं एकच तंत्रज्ञान आहे, माणसाच्या हातून असं काम होणं शक्यच नाही. आठवड्याच्या आत तालुक्याच्या गावाहून लोक बघायला येऊ लागले. यारीवाला म्हणाला, भानगड मिटेपर्यंत मी यंत्र चालवत नाही. अनुदानाचा पुढचा हप्ता काम पुढे गेल्याशिवाय मिळणार नव्हता आणि पाऊस तोंडावर होता.

गावाचं आणि शेतकऱ्याचं नाव इथे देत नाही, त्या घराला पुरेसा ताप झाला आहे. मी महाविद्यालयात भूशास्त्र शिकवतो. शेतकऱ्याचा भाचा आमच्याच वर्गात आहे. त्याने निरोप आणला तो असा: "सर, मामा म्हणतेत, देव हाय का माणूस हाय ते ऱ्हाऊ द्या. पुढं खोदावं का न्हाई, तेवढं सांगा."

प्रश्न साधा वाटतो. पण चंद्र-मंगळाच्या पृष्ठभागावर परक्या बुद्धीच्या खुणा शोधणाऱ्यांपुढेही नेमका हाच प्रश्न असतो. समोर फक्त दगड आहे, करणारा कुणी दिसत नाही, लिहिलेलं काही नाही. मग हा दगड आपोआप असा झाला की कुणी केला, हे कशावरून ठरवायचं? मराठवाड्यात या प्रश्नाची दोन्ही उत्तरं एकाच जातीच्या दगडात, एका दिवसाच्या प्रवासाच्या अंतरावर उभी आहेत. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवावंसं वाटलं.

विहिरीत काय दिसलं

वर्गातली काही मुलं आणि शेजारच्या गावातले एक जुने पाथरवट यांना घेऊन आम्ही विहिरीत उतरलो. पाथरवट मामांचं आयुष्य जाती, पाटे आणि देवळाच्या पायऱ्या घडवण्यात गेलं आहे. त्यांना सोबत नेणं ही या सगळ्या तपासातली सर्वांत चांगली गोष्ट ठरली.

आधी पैलू मोजले. पाच आणि सहा बाजूंचे खांब जास्त होते, पण चार बाजूंचेही होते आणि सात बाजूंचेही. जाडीही सारखी नव्हती. कुणी वीतभर, कुणी हातभर. घडवणारा एक ओळ खांब घडवतो तेव्हा माप धरतो. इथे एकाचं माप दुसऱ्याला लागू नव्हतं, तरी दोन खांबांत सुईही जाणार नाही इतके ते एकमेकांत बसलेले. मामा तिथेच म्हणाले, "इतकं बसतं घडवायचं म्हनलं तर एकेक खांब दहा येळा लावून काढून बघावा लागंल. आन् मग सगळे येकसारखेच का न करावेत?"

खरा वाद आडव्या रेघांवर होता. गावकऱ्यांच्या मते ते टाकीचे घाव. व्हिडिओवाल्यांच्या मते यंत्राच्या पात्याच्या खुणा. रेघा दिसायलाही तशाच होत्या: दोन-तीन बोटं रुंदीचे पट्टे, एकावर एक, एक जरा गुळगुळीत तर पुढचा खरखरीत. मामांनी तळहात टेकवून तो हळूहळू वर नेला. मग आपल्या पिशवीतली टाकी काढून बाजूच्या ढिगाऱ्यातल्या दगडावर चार घाव घातले आणि पोरांना म्हणाले, "आता दोन्हीवर हात फिरवा." टाकीच्या घावाला सुरुवात असते. जिथे टोक बसतं तिथे दगड चुरतो, पांढुरका ठिपका पडतो, तिथून चर निघतो आणि कपचा उडाला की संपतो. खांबावरच्या पट्ट्यांना असं सुरू होण्याचं ठिकाण नव्हतं. पट्टा पैलूच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत अखंड जात होता.

एवढ्यावरही एखादा म्हणाला असता की तुमची टाकी वेगळी, त्यांचं यंत्र वेगळं. म्हणून पुढची परीक्षा केली, आणि माझ्या मते सगळं प्रकरण तिथेच निकालात निघालं. सुरुंगाने सैल झालेला एक खांब पहारीने अलगद पुढे ओढला. त्याच्या पाठीचा पैलू आणि मागच्या खांबाचा त्याला चिकटलेला पैलू, दोन्ही पहिल्यांदाच उजेडात येत होते. दोन्हींवर त्याच आडव्या रेघा होत्या, आणि एका बाजूला उंचवटा तिथे दुसऱ्या बाजूला खळगा, अशा एकमेकांत बसणाऱ्या. दोन पैलूंमध्ये पातं जायला जागाच नव्हती, मग तिथे पात्याची खूण कुठून येईल? त्याच भेगेत लाव्ह्यातल्या वायूच्या बुडबुड्याने राहिलेली एक बारीक पोकळी सापडली. तिचा अर्धा भाग या खांबावर, अर्धा त्या खांबावर. दोन्ही अर्धे जुळवले की पोकळी पूर्ण होत होती, मध्ये कसलीही घट नव्हती.

हे समजलं की बाकीचं सोपं होतं. दगड कापला की काही दगड जातोच. करवतीने कापा, टाकीने घडवा, नाहीतर आपल्याला ठाऊक नसलेल्या एखाद्या साधनाने कोरा, मधला भाग भुकटी होऊन, कपच्या होऊन किंवा वाफ होऊन कुठेतरी गेलेला असतो. दगड उलतो, म्हणजे आपोआप तडकतो, तेव्हा मात्र काहीच जात नाही. विहिरीतल्या खांबांमधून चिमूटभर दगडही गेलेला नव्हता. ते उललेले होते.

कसे उलले तेही सांगायला हवं. दख्खनचा हा सगळा दगड सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांतून वर आलेल्या लाव्ह्याचा आहे. आज उरलेलं त्याचं क्षेत्रच सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भरतं. लाव्हा थंड होऊन घट्ट झाला तरी तो अजून तापलेलाच असतो, आणि पुढे थंड होताना आकसतो. आकसायला जागा नसली की ताण साचतो आणि दगड तडकतो. उन्हाळ्यात आपल्या काळ्या रानाला ज्या भेगा पडतात त्यांचं जाळं बघा, तिथेही पाच-सहा बाजूंचे बरेच तुकडे दिसतात, कारण आकसण्याचा ताण कमीत कमी भेगांत मोकळा करायचा तर जाळं याच आकाराकडे जातं. लाव्ह्यात फरक इतकाच की थंडी वरून आणि खालून आत सरकत जाते आणि तिच्यामागोमाग भेगही सरकते. भेग सलग धावत नाही. थोडी पुढे जाते, थांबते, ताण साचला की पुन्हा थोडी जाते. त्या प्रत्येक टप्प्याचा एक आडवा पट्टा उमटतो. लाव्हा सावकाश निवला असेल तर खांब जाड होतात, भराभर निवला तर बारीक.

ताडून पाहण्यासाठी वेरूळ

व्हिडिओत कैलास लेणं जोडलेलं होतं, त्यामुळे उत्तरही तिथपर्यंत न्यावं लागलं. आणि "हे नैसर्गिक आहे" असं म्हणणाऱ्याने, त्याच दगडात घडवलेलं काम कसं दिसतं हेही दाखवायला हवं. म्हणून मुलांना वेरूळला नेलं आणि मामांनाही घेतलं.

कैलासाच्या अंगणाच्या भिंतींवर कुठेही बघा, टाकीचे चर तिरपे पडलेले दिसतात. हात ज्या बाजूने चालला त्या बाजूने कललेले, एकावर एक आलेले, कोपऱ्याजवळ दिशा बदललेले. एखाद्या जागी चर लांब आणि बेफिकीर, मूर्तीजवळ आले की आखूड आणि जवळजवळ. मामा एका ठिकाणी बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "हितं मानूस बदलला." दोन पट्टे शेजारी होते, दोन्हींचा कल वेगळा. मुलांनी वहीत ते काढून घेतलं. विहिरीतल्या एकाही पैलूवर असं काही नव्हतं.

आता माणसाच्या हातून हे होणं शक्य नाही या म्हणण्याकडे येतो. हे वाक्य ऐकून मला राग येतो, आणि तो लपवण्याचं कारण दिसत नाही. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात ज्यांनी हा डोंगर उतरवला त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. निदान त्यांचे हात तरी त्यांच्याकडून काढून घेऊ नयेत.

राग बाजूला ठेवून हिशेब मांडला, तो वर्गातच फळ्यावर केला होता. कैलासाची खोदाई साधारण ८४ मीटर लांब आणि ४७ मीटर रुंद आहे. मागच्या बाजूची भिंत सुमारे ३३ मीटर उंच. डोंगर उतरता असल्यामुळे पुढच्या बाजूला खोली कमी, म्हणून सरासरी २० मीटर धरली. घनफळ निघालं सुमारे ७९ हजार घनमीटर. त्यातला चौथा हिस्सा मंदिर, हत्ती आणि स्तंभ यांच्या रूपाने जागेवरच उरला असं धरलं, तर काढलेला दगड सुमारे ५९ हजार घनमीटर. वजनात दीड-पावणेदोन लाख टनांच्या आसपास. आकडा ऐकून छाती दडपते, आणि व्हिडिओवाले इथेच थांबतात. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर इथे थांबले नाहीत. एक माणूस दिवसाला सुमारे चार घनफूट दगड काढतो असं धरून त्यांनी अंदाज केला की २५० माणसं हे काम साडेपाच वर्षांत करू शकतात. आमच्या घनफळावरून ताळा केला: २५० माणसं, रोजचे हजार घनफूट म्हणजे सुमारे २८ घनमीटर, त्याने ५९ हजारांना भागलं की २१०० दिवस. सुट्टी न धरता पावणेसहा वर्षं. मुलांनी दोनदा भागाकार तपासला. कुठल्याही मोठ्या राजाला परवडणारं हे मनुष्यबळ आहे, आणि कामाला प्रत्यक्षात याच्या तिप्पट वेळ लागला असं धरलं तरी अचंबा वाटावा असं त्यात काही नाही. अचंबा कारागिरीचा वाटावा: वरून खाली खोदत येताना कुठला दगड ठेवायचा हे आधीच ठरवणाऱ्या डोक्याचा, कारण काढलेला दगड परत लावता येत नाही.

"मग एवढा दगड गेला कुठे?" हा व्हिडिओतला आवडता प्रश्न आहे, आणि तो चांगलाच प्रश्न आहे. ५९ हजार घनमीटर दगड फुटून मोकळा झाला की फुगून दीडपट होतो. तो ५० एकरांवर पसरला तर फूट-दीड फुटाचा थर होतो. डोंगराच्या पायथ्याशी, उतारावर, रस्त्याच्या आणि बांधकामांच्या भरावात बाराशे-साडेबाराशे वर्षांत तेवढा जिरणं अवघड नाही. हे गणित शेतकऱ्यांना मुलांपेक्षा लवकर समजलं, कारण ५० एकर म्हणजे किती ते त्यांना डोळ्यांपुढे दिसतं.

दगड वितळवला किंवा किरणाने उडवला असंही सांगितलं जातं. बसाल्ट, म्हणजे हा काळा पाषाण, वितळून झटकन निवला तर त्याची काच होते. ती कशी दिसते हे बघायला फार लांब जायला नको, लोणार इथून जवळच आहे, विदर्भाच्या हद्दीत, बुलढाणा जिल्ह्यात. १.८ किलोमीटर व्यासाचं ते विवर बरीच वर्षं ज्वालामुखीचं मानलं जात होतं. ते उल्कापाताचं आहे हे गोल आकारावरून ठरलं नाही. आघाताने काचेत बदललेलं फेल्डस्पार हे दगडातलं खनिज, म्हणजे मॅस्केलिनाइट, आणि वितळून निवलेल्या काचेचे मणी सापडले, १९७३ साली त्यावर शोधनिबंध आला, तेव्हा ठरलं. कैलासाच्या भिंतीवर काच नाही, टाकीचे चर आहेत.

येळगंगेपाशी आलेला आक्षेप

वेरूळला एकोणतिसाव्या लेण्याजवळ पावसाळ्यात येळगंगेचा धबधबा पडतो. तिथे वर्गातल्या एका मुलीने जो प्रश्न विचारला त्याने माझं मांडणं सुधारलं. ती म्हणाली, "सर, दगड कमी झाला म्हणजे कुणीतरी काढला, असं आपण म्हणतोय. पण ही घळ पाण्याने केली. इथलाही दगड कमीच झालाय की."

बरोबर आहे. दगड कमी होणं एवढ्यावर भागत नाही, कारण निसर्गही दगड काढतो. पण निसर्गातल्या प्रत्येक काढणाऱ्याची माल टाकण्याची जागा ठरलेली आहे. पाणी उतारानेच नेतं, आणि नेताना दगड गोल करतं. येळगंगेच्या पात्रात खाली ते गोटे पडलेले दिसतात. वारा बारीक तेवढंच नेतो आणि वाहत्या दिशेलाच टाकतो. जमीन खचली तर वरचा माल खड्ड्याच्या तळाशी पडलेला असतो. उल्का आदळली तर तो चहूबाजूंनी बाहेर फेकला जातो. लोणारच्या काठावर तो उचललेला, उलटापालटा झालेला दगड आजही आहे. शिवाय पाणी आणि वारा आधी कच्चा दगड नेतात आणि पक्का ठेवतात.

कैलासाला यातला कुठलाच नियम लावून पाहा. पाण्याने खोदलं म्हणावं तर मधोमध सुटे उभे असलेले दोन स्तंभ कसे वाचले? तळाशी ढिगारा नाही, त्यामुळे खचलेलंही नाही. काठावर फेकलेला दगड नाही. आणि जो दगड उरला तो पक्का म्हणून उरलेला नाही, हवा होता म्हणून उरलेला आहे. जमाखर्च कुठल्याच नैसर्गिक खात्यात बसत नाही. तिथे घडवणाऱ्याला मानावंच लागतं.

आणखी एक खूण त्याच प्रवासात मुलांना दाखवली, ती अजिंठ्याची. चोविसावं लेणं अर्धवट राहिलं आहे. काही भाग उतरवलेला, काही खांब नुसते ठोकळे. भेगेला अर्धवट काम माहीत नसतं. जिथे घडवणारे असतात तिथे सोडून दिलेलं, बदललेलं, चुकून सावरलेलं काम असतंच.

मग मंगळ आणि चंद्र

परक्या बुद्धीचा शोध म्हटलं की रेडिओ दुर्बिणी आठवतात, आणि १९६० पासून मुख्य भर तिथेच राहिला आहे. दगडात खुणा शोधण्याचं काम त्या मानाने लहान आहे, पण ते गंभीर लोकांनी केलेलं आहे. अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीतल्या पॉल डेव्हिस आणि रॉबर्ट वॅगनर यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात सुचवलं की २००९ पासून चंद्राभोवती फिरणाऱ्या लुनार रिकनिसन्स ऑर्बिटरची छायाचित्रं या नजरेने तपासावीत. खर्च जवळपास नाही, कारण चित्रं आधीच घेतलेली आहेत. चंद्रावर वारा-पाणी नसल्यामुळे खूण फार काळ टिकते. आणि ताडून पाहायला आपल्याच खुणा आहेत: अर्धा मीटर तपशील दाखवणाऱ्या त्या चित्रांत अपोलोच्या यानांचे खालचे भाग, त्यांच्या सावल्या आणि अंतराळवीरांच्या पायवाटा दिसतात.

ताडून पाहण्याची ही रीत मला मोलाची वाटते. गॅलिलिओ यान ८ डिसेंबर १९९० रोजी पृथ्वीजवळून गेलं तेव्हा खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन आणि सहकाऱ्यांनी त्याची उपकरणं पृथ्वीकडेच वळवून पाहिलं की इथे जीवन आहे हे त्यांना कळतं का. १९९३ साली 'नेचर'मध्ये निष्कर्ष आले. हवेतला ऑक्सिजन आणि मिथेन दिसले, रेडिओ लहरींत बुद्धीची खूण सापडली. यानाच्या चित्रांत मात्र माणसाचं एकही बांधकाम ओळखता आलं नाही, त्यांचा तपशील किलोमीटरच्या घरातला होता.

आमच्या जमाखर्चाचा इथे उपयोग होतो. टाकीचे चर कक्षेतून कधीच दिसणार नाहीत. पण कैलासाएवढा खड्डा चंद्रावर असता तर अर्धा मीटर तपशिलाच्या चित्रात तो दीडशेहून जास्त ठिपक्यांची लांबी व्यापून बसला असता. सावलीवरून खोली काढता आली असती, खोलीवरून घनफळ, आणि मग विचारता आलं असतं की इतका दगड गेला कुठे: काठावर, तळाशी की उताराने खाली. परके लोक कसे होते, त्यांचं साधन काय होतं, यातलं काहीही माहीत असण्याची गरज नाही.

याच कसोटीवर व्हिडिओतले फोटो घेतले. मंगळावरचा 'चेहरा' व्हायकिंग १ यानाने जुलै १९७६ मध्ये टिपला, सायडोनिया भागात. सूर्य कलता होता, तपशील कमी होता. मार्स ग्लोबल सर्व्हेयर यानाने १९९८ आणि २००१ मध्ये कितीतरी स्पष्ट चित्रं घेतली तेव्हा तो झिजलेला सपाट माथ्याचा डोंगर निघाला. आसपास तसेच अनेक डोंगर आहेत, म्हणजे तिथला दगड गेला तो साऱ्या परिसरातूनच गेला आहे, एका चेहऱ्यापुरता नाही. २०२२ च्या मे महिन्यात मंगळावर फिरणाऱ्या क्युरिऑसिटी या गाडीने टिपलेलं 'दार' जेमतेम दीड फूट उंचीचं आहे. ती दगडातल्या भेगांची चौकट आहे, आणि तिच्या कडा भोवतालच्या भेगांच्याच दिशेने आहेत. त्याआधी चीनच्या युतू-२ या चांद्रगाडीला लांबून दिसलेली चंद्रावरची 'झोपडी' जवळ गेल्यावर एक दगड निघाली.

आणि खांब? तो फोटो खरा होता. मंगळावर मार्ते व्हॅलिस भागातल्या एका ताज्या विवराच्या भिंतीत बसाल्टचे उभे खांब दिसल्याचं २००९ साली प्रसिद्ध झालं. मंगळाभोवती फिरणाऱ्या यानावरच्या हायराइज कॅमेऱ्याच्या चित्रांत ते ओळखू आले. व्हिडिओवाला म्हणत होता की विहिरीतले खांब आणि मंगळावरचे खांब एकाच जातीचे आहेत. इतकं त्याचं म्हणणं खरं आहे, आणि ही किती मोठी गोष्ट आहे! आपल्या तालुक्यातला लाव्हा ज्या नियमाने निवला त्याच नियमाने कोट्यवधी किलोमीटरवरचा लाव्हाही निवला. शास्त्रज्ञांनी त्या खांबांवरून असाही अंदाज बांधला की तिथला लाव्हा निवताना त्याला पाणी मिळालं असावं. परग्रहवासी आणले की हे सगळं बघायचं राहून जातं.

काय सांगितलं, काय झालं

ग्रामपंचायतीला दोन पानांचा अहवाल मराठीत लिहून दिला आणि पारावर वाचून दाखवला. गाडलेल्या देवळाची शंका ज्यांना होती त्यांना मी सांगितलं की ती शंका धरणं चूक नाही, या भागात जुनी देवळं आहेतच. पण देऊळ असतं तर घडीव दगडांच्या सांध्यांत घट दिसली असती, कपच्यांचा थर लागला असता, एखादा बाहेरून आणलेला दगड मिळाला असता. जालन्यात जमिनीखाली ग्रॅनाइटचा तुकडा सापडला तर तो कुणीतरी आणलेला असतो, आणि तसं काही निघालं तर काम थांबवून पुरातत्त्व खात्याला कळवा, हेही अहवालात लिहिलं. पहारीने वेगळे केलेले दोन खांब पाराजवळ ठेवले होते. ज्याला हवं त्याने ते जुळवून पाहावेत, एवढंच सांगितलं. वाद मिटला तो अहवालाने कमी आणि त्या दोन दगडांवर हात फिरवून जास्त.

शेतकऱ्याला पाण्याबद्दल हमी दिली नाही, तशी कुणी देऊ नये. खांबांच्या भेगांतून पाणी खाली उतरतं आणि कुठेतरी अडतं, म्हणून खांबांचा थर संपेपर्यंत खोदायला हरकत नाही, एवढं म्हणालो. काम पुन्हा सुरू झालं. खांबांच्या तळाशी तांबड्या मातीचा थर लागला, दोन लाव्ह्यांच्या मधल्या काळात तयार झालेला, चिकण आणि पाणी अडवणारा. त्याच्या डोक्यावरून पाझर आला. भरपूर नाही, पण रब्बीला दोन पाणी देता येतील इतकं आहे असं शेतकरी म्हणतात. नारळ फोडणाऱ्यांनी एक खांब बांधावर उभा केला आहे, त्याला कुणाची हरकत नाही.

ज्या पोराने पहिला व्हिडिओ काढला होता त्याने आता दुसरा काढला आहे, त्यात दोन पैलू एकमेकांत कसे बसतात ते दाखवलं आहे. वर्गातल्या मुलांनी चांद्रयान-२ ची इस्रोने खुली केलेली छायाचित्रं उतरवून घेतली आहेत. चंद्रावरच्या एका खड्ड्याच्या सावलीवरून त्याची खोली काढणं आणि कमी झालेला दगड काठावर किती, तळाशी किती हे जुळवणं सध्या चालू आहे. घळीपाशी प्रश्न विचारणारी मुलगी ते काम बघते.